अंगणातील दिवा : उजेड आणि सुरक्षितता

दिवेलागणीला तुळशीवृंदावनापुढे लावलेली पणती आणि ओसरीच्या खुंटीला टांगलेला कंदील, एवढाच एके काळी घराबाहेरचा उजेड असे. रात्री गोठ्यात डोकवायचे झाल्यास कंदील हाती घेऊनच उंबरठा ओलांडावा लागे. १९६० साली राज्य वीज मंडळाची स्थापना झाली आणि पुढील दशकांत विजेचे खांब गावोगाव पोहोचले. २००५ साली मंडळाच्या विभाजनानंतर वितरणाचे काम महावितरणकडे आले. २०१७ साली सुरू झालेल्या 'सौभाग्य' योजनेने वाडी-पाड्यांवरील राहिलेल्या घरांनाही जोडण्या देण्याचे काम हाती घेतले. या साऱ्या वाटचालीत विजेचा पहिला मान साहजिकच माजघराला व स्वयंपाकघराला मिळाला. अंगण, परस, न्हाणी आणि गोठा मात्र बहुतेक घरांत अंधारातच राहिले.

गरज पडली की ही उणीव घरोघर आपापल्या परीने भरून काढली जाते. खिडकीतून एक वायर बाहेर काढावयाची, पत्र्याच्या कडेवरून ती पुढे न्यावयाची, जोडावर चिकटपट्टी गुंडाळावयाची आणि टोकाला होल्डर लोंबता ठेवावयाचा, ही पद्धत सर्वत्र दिसते. उन्हाळ्यात असा दिवा निमूटपणे जळतो. पहिल्या पावसात मात्र पत्र्याच्या धारेने कापलेल्या वायरीतून वीज पत्र्यात उतरते. पत्र्याच्या खिळ्याला बांधलेली कपडे वाळत घालण्याची तार त्याच विजेने भारली जाते आणि ओले कपडे घेऊन अनवाणी उभ्या असलेल्या गृहिणीचा हात त्या तारेला लागतो. अशा अपघातांच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचावयास मिळतात. अनेकदा एकास सोडविण्यास धावलेले घरातील दुसरे माणूसही त्यात बळी पडते.

घराबाहेरचा दिवा म्हणजे घरातला दिवा बाहेर टांगणे नव्हे, ही गोष्ट म्हणूनच प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. घरात भिंत कोरडी असते आणि पायांखाली बहुधा कोरडी फरशी असते. बाहेर पाऊस आहे, ओली माती आहे आणि अनवाणी पाय आहेत. दिवा तोच असला तरी त्याची जागा बदलताच त्याची जोडणी बदलावी लागते.

उजेड कोठे हवा

दिवा कोठे लावावा हे दिवसा ठरविल्यास हमखास चूक होते. संध्याकाळी अंधार पडल्यावर घरातील एकाने बॅटरी घेऊन नियोजित जागेवर उंच धरावी आणि दुसऱ्याने नेहमीच्या वाटांनी चालून पाहावे. पायरी कोठे अडखळविते, आपलीच सावली कोठे वाटेवर पडते, हे लगेच कळून येते.

सर्वसाधारण ग्रामीण घरास तीन जागी उजेड आवश्यक असतो. पहिली जागा पुढील दाराची व पायऱ्यांची. दुसरी, घरापासून न्हाणी व शौचालयापर्यंत जाणारी मागील वाट. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानातून बांधलेली शौचालये पुष्कळ ठिकाणी घरापासून काही पावले दूर, परसात आहेत. ती काही पावले अंधारात टाकावी लागत असतील, तर वृद्ध, मुले व स्त्रिया रात्री तेथे जाणे टाळतात आणि बांधलेल्या सोयीचा उपयोग अर्धाच होतो. तिसरी जागा गोठ्याची. पहाटेची धार आणि अडलेली गाय, दोन्ही उजेडाची वाट पाहतात.

या उजेडाचे मोल केवळ सोयीपुरते नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातील असून पावसाळ्याच्या महिन्यांत त्यांचे प्रमाण अधिक होते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. वाटेत वेटोळे घालून बसलेली घोणस वा फुरसे अंधारात दिसत नाही आणि त्यावर पाय पडतो. पाऊल टाकण्यापूर्वी जमीन दिसली तर हा धोका पुष्कळ कमी होतो. अर्थात अंगणातील दिवा हा सर्व सापांवरील उपाय नव्हे. मण्यार रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्यांना चावते. त्यासाठी खाटेवर झोपणे व मच्छरदाणी नीट खोचून घेणे हाच मार्ग आहे.

उजेड किती आणि कोणीकडे

दिवा जितका मोठा तितका उजेड चांगला, असा सार्वत्रिक समज आहे. अनुभव वेगळा आहे. डोळ्यांच्या समोर झगझगीत दिवा असला की त्यापलीकडचा अंधार अधिकच दाट भासतो व पायांखालची जमीन दिसत नाही. उपयुक्त दिवा तोच, ज्याचा उजेड जमिनीवर पडतो आणि ज्याची काच चालणाऱ्याच्या डोळ्यांत खुपत नाही.

यासाठी दिव्यावर वरून व बाजूने आडोसा असलेले, खाली तोंडाचे कवच निवडावे. उंचीही बेताची ठेवावी. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. म्हणून खांबावर पंधरा फुटांवर टांगलेल्या मोठ्या दिव्यापेक्षा भिंतीवर आठ-नऊ फुटांवरील लहान दिवा वाटेला अधिक उजेड देऊ शकतो. मुलांचा हात पोहोचणार नाही आणि डोक्यावरचा भारा लागणार नाही, इतपत ती उंची पुरेशीही आहे.

रंगाचाही विचार करावा. पांढरा-निळसर प्रकाश किड्यांना अधिक खेचतो, पिवळसर प्रकाश त्या मानाने कमी. किड्यांमागे पाली व बेडूक येतात आणि बेडकांमागे साप येतो. यास्तव २७०० ते ३००० केल्व्हिन असे वेष्टनावर लिहिलेला पिवळसर एलईडी दिवा घ्यावा. तो बरोबर दाराच्या डोक्यावर न लावता हात-दोन हात बाजूला लावावा, म्हणजे दार उघडताच किडे घरात शिरणार नाहीत.

दिव्याचे तोंड खाली ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. आकाशाकडे गेलेला उजेड कोणाच्याच उपयोगी पडत नाही आणि निसर्गाला मात्र बाधतो. वेळाससारख्या कोकण किनाऱ्यावरील गावांत वाळूतून बाहेर पडणारी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले उजळ क्षितिजाच्या रोखाने चालतात. तो उजेड समुद्राचा न राहता घरादारांचा झाला की ती वाट चुकतात. भंडारदरा परिसरात मे-जूनमध्ये चमकणाऱ्या काजव्यांचे परस्परांस दिलेले संकेतही झगझगीत दिव्यांत हरवतात. विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातील गावांचे दिवे काढून टाकण्यात आले नाहीत, ते जमिनीकडे वळविण्यात आले. गावाला उजेड आणि आकाशाला अंधार, दोन्ही एकाच वेळी मिळू शकतात, हे यावरून दिसून येते.

दिव्याचे कवच

बाहेरच्या दिव्याच्या वेष्टनावर 'आयपी' या अक्षरांपुढे दोन अंक छापलेले असतात. पहिला अंक धूळ व किडे यांपासूनचे संरक्षण दाखवितो, दुसरा पाण्यापासूनचे. अंक जितका मोठा तितके संरक्षण अधिक. खोल पडवीत, जेथे केवळ शिंतोडे येतात, तेथे आयपी ४४ पुरेसा होतो. उघड्या भिंतीवर आणि पावसाचा मारा सोसणाऱ्या बाजूस आयपी ६५ घ्यावा. कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस आडवा येतो. तेथे पडवीतला दिवाही उघड्यावरचाच समजावा. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने लोखंडी कवच दोन-तीन पावसाळ्यांत गंजू लागते, म्हणून तेथे चांगल्या प्लॅस्टिकचे कवच श्रेयस्कर.

घरात वापरावयाचा उघडा होल्डर व बल्ब बाहेर लावणे पूर्णतः वर्ज्य मानावे. त्यावर उलटी बाटली किंवा करवंटी बांधल्याने पाऊस थोडा अडतो, दमट हवा मात्र अडत नाही.

तारेची वाट

दिवा कितीही चांगला असला तरी तारेच्या मार्गात चूक झाल्यास सर्व व्यर्थ होते. बाहेरच्या दिव्यासाठी आयएसआय चिन्हाची, १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर वापरावी. फेज, न्यूट्रल व अर्थिंग अशा तिन्ही वायरी मुख्य बोर्डापासून दिव्यापर्यंत अखंड न्याव्यात. मध्ये जोड अपरिहार्य असेल तर तो पाणी न शिरणाऱ्या बंद पेटीत घ्यावा. उघड्यावरील चिकटपट्टीचा जोड एका उन्हाळ्यात सुटतो आणि पुढच्या पावसात ओला होतो.

वायर प्लॅस्टिकच्या पाइपातून न्यावी. पत्र्याच्या कडेवरून, झाडाच्या फांदीवरून किंवा कपड्यांच्या तारेवरून ती कदापि नेऊ नये. भिंतीस भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला उतरते ठेवावे, म्हणजे पाणी आत न येता बाहेर पडते. दिव्यात शिरण्यापूर्वी वायरीला खाली एक लहानसा झोळ द्यावा व ती शक्यतो खालच्या बाजूने आत घ्यावी. वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळून जाते. पागोळ्यांची धार सरळ अंगावर येईल अशा जागी, वळचणीच्या ऐन कडेला दिवा लावू नये.

बटन शक्यतो घरातच, दाराजवळ असावे. ते फेजच्या वायरीवर आहे याची खात्री करून घ्यावी. चुकून न्यूट्रलवर लावलेल्या बटनाने दिवा विझतो खरा, परंतु होल्डरमध्ये वीज तशीच उभी असते.

फ्यूज घराचे रक्षण करतो, माणसाचे नाही

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी समजलेला भाग हा आहे. 'आमच्या घरात फ्यूज आहे, एमसीबी आहे, मग भीती कसली?' असे पुष्कळदा ऐकू येते. थोडे गणित केले असता त्याचे उत्तर मिळते.

दिव्याच्या मंडलावर साधारणतः ६ अँपिअरचा एमसीबी असतो. म्हणजे ६००० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह वाहू लागला तरच तो पडण्याचा प्रश्न येतो. ओल्या कातडीच्या माणसाचा विरोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या तारेस स्पर्श होताच त्याच्या शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. एमसीबीच्या दृष्टीने हा प्रवाह नगण्य आहे. हृदयाच्या दृष्टीने तो प्राणघातक आहे. माणूस तारेला चिकटून राहतो आणि घरातला दिवा शांतपणे जळत राहतो. फ्यूज व एमसीबी वायर तापून घराला आग लागू नये म्हणून आहेत. माणूस वाचविणे हे त्यांचे काम नव्हे.

ते काम करणारे उपकरण वेगळे आहे. बाजारात त्यास 'आरसीसीबी' म्हणतात. जुने वायरमन 'ईएलसीबी' हे नाव वापरतात. फेजने जितकी वीज गेली तितकीच न्यूट्रलने परत आली की नाही, याचा हिशेब ते सतत ठेवते. माणसाच्या शरीरातून काही वीज जमिनीत गेली तर हिशेबात तूट येते. ही तूट ३० मिलिअँपिअरवर पोहोचताच ते सेकंदाच्या अल्पशा भागात पुरवठा तोडते. खरेदी करताना ३० मिलिअँपिअर हा आकडा आवर्जून पाहावा. १०० वा ३०० मिलिअँपिअरची उपकरणेही मिळतात, परंतु ती माणसाच्या रक्षणासाठी नसतात. या उपकरणावर तपासणीचे एक लहान बटन असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. लगेच खटका पडला तर उपकरण ठीक, न पडल्यास ते त्वरित बदलावे.

आरसीसीबी आला म्हणून अर्थिंगचे महत्त्व कमी होत नाही. अर्थिंग असल्यास दिव्याच्या धातूच्या कवचात उतरलेली वीज त्या मार्गाने जमिनीत जाते व कोणाचा हात लागण्यापूर्वीच खटका पडतो. अर्थिंग नसल्यास कवच भारलेले राहते आणि खटका पाडण्यासाठी पहिला स्पर्श माणसालाच करावा लागतो. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडू देऊ नये, त्यात अधूनमधून पाणी ओतावे. नळाच्या पाइपाला किंवा न्यूट्रलला अर्थिंगची वायर जोडण्याचा आडमार्ग धरू नये.

पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडू लागला की तो काढून टाकून पुरवठा थेट जोडण्याचा प्रकार आढळतो. ताप दाखवितो म्हणून तापमापक फोडण्यासारखेच हे आहे. खटका पडतो याचा अर्थ कोठेतरी वीज गळत आहे. ती जागा शोधणे हाच त्यावरील उपाय होय.

सणासुदीची रोषणाई

घराबाहेर नवा दिवा लावण्याचा प्रसंग वर्षातून एकदा तरी प्रत्येक घरी येतो, तो दिवाळीच्या आकाशकंदिलाचा. गणेशोत्सवात व लग्नसराईत त्यात माळांची भर पडते. हे काम चार दिवसांचे म्हणून घाईत उरकले जाते. वायरीची उघडी टोके पिनेशिवाय सॉकेटात काड्यांनी खोचली जातात, माळ लोखंडी जाळीवर गुंडाळली जाते. गणेशोत्सव पावसाळ्यातच येतो, हे येथे विसरून चालणार नाही. सणाची रोषणाईदेखील आरसीसीबी असलेल्या मंडलावरूनच घ्यावी आणि माळ लावताना किंवा काढताना बटनावर विसंबून न राहता पिन उपसून ठेवावी. आकाशकंदिलासाठी वळचणीखाली एक बंद झाकणाचा कायम सॉकेट बसवून घेतल्यास दरवर्षीची ही ओढाताण टळते.

सौर दिवा

जेथे घरापासून गोठा दूर आहे, तेथे वायर ओढण्यापेक्षा सौर दिवा लावणे अधिक शहाणपणाचे ठरते. त्याचा दाब कमी असल्याने विजेच्या धक्क्याची भीती राहत नाही आणि भारनियमनातही तो चालू राहतो. पट्टिका दक्षिणेकडे तोंड करून, झाडाची सावली न पडेल अशी बसवावी आणि तिच्यावरील धूळ पुसत जावी. ढगाळ पावसाळी दिवसांत तो रात्रभर पुरणार नाही, तसेच त्याची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. या दोन मर्यादा आधीच ध्यानी घेतल्यास पुढे निराशा होत नाही.

खर्चाचा हिशेब

बाहेर दिवा लावल्याने वीजबिल वाढेल या भीतीने पुष्कळ कुटुंबे अंधार पत्करतात. जुन्या काळी ती भीती रास्त होती. ६० वॅटचा तारेचा बल्ब रोज पाच तास जळाला तर महिन्याला ९ युनिटे होतात. तितकाच किंवा थोडा अधिक उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा त्याच वेळात १.३५ युनिटे घेतो.

एका घराचा पूर्ण हिशेब मांडून पाहावा. दारातील ९ वॅटचा दिवा रोज पाच तास, मागील वाटेवरील ५ वॅटचा दिवा एक तास आणि गोठ्यातील ७ वॅटचा दिवा दोन तास जळाला, तर दिवसाला ६४ वॅट-तास होतात. महिन्याला हे प्रमाण दोन युनिटांच्याही आत राहते. मागील वाटेवर हालचाल टिपून आपोआप लागणारा दिवा बसविल्यास बटन शोधण्याचे कारणही उरत नाही. खरा खर्च आहे तो प्रारंभीचा, म्हणजे वायर, अर्थिंग आणि आरसीसीबीचा. आरसीसीबी घरातील सर्वच मंडलांचे रक्षण करीत असल्याने तो केवळ एका दिव्याच्या खाती मांडणे योग्य होणार नाही.

काम कोणी करावे

जागा ठरविणे, दिवा निवडणे आणि पुढे निगा राखणे ही कामे घरातील माणसे करू शकतात. जोडणीचे काम मात्र परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून किंवा त्याच्या वायरमनकडूनच करून घ्यावे. नियमांचीही तशीच अपेक्षा आहे. काम पूर्ण झाल्यावर त्याच्यासमक्ष चार गोष्टी पाहून घ्याव्यात : बटन फेजवर आहे काय, अर्थिंग दिव्यापर्यंत पोहोचले आहे काय, तपासणीचे बटन दाबल्यावर आरसीसीबी पडतो काय आणि वायरीच्या भोकातून पाणी आत येण्यास वाव आहे काय. पहिल्या मोठ्या पावसानंतर, मेन स्विच बंद करून, दिव्याच्या कवचात पाणी साचले आहे काय हेही एकदा पाहावे. खांबावरून घरात येणाऱ्या वायरीजवळ शिडी लावू नये. विजेच्या खांबावर आकडा टाकून दिवा लावणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय तो जीवाशी खेळ आहे.

इतके करूनही अपघात घडलाच, तर प्रथम मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडी काठीने तार दूर सारावी. चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नये. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देण्यास तत्काळ सुरुवात करावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तुटलेल्या तारेची माहिती वीज कंपनीस १९१२ क्रमांकावर देता येते.

शाळा व ग्रामपंचायत

गावातील दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीच्या कर्तव्यांपैकी एक असून त्यासाठी ती दिवाबत्ती कर आकारू शकते. रस्त्यावरील दिवे बदलताना त्यांची तोंडे खाली ठेवणे आणि पंचायत कार्यालय, अंगणवाडी व समाजमंदिर यांच्या बाहेरील दिव्यांना अर्थिंग व आरसीसीबी बसविणे एवढे जरी पंचायतीने केले, तरी गावापुढे एक नमुना उभा राहील. मृगाच्या आधी होणाऱ्या ग्रामसभेत परवानाधारक वायरमनला बोलावून पत्र्यावरील वायरी व कपड्यांच्या तारा तपासण्याचा कार्यक्रम ठरविता येईल. लोखंडी तारेऐवजी कपड्यांसाठी नायलॉनची दोरी वापरणे ही तर बिनखर्चाची सुधारणा आहे.

शाळेत विद्युतमंडलाचा पाठ शिकविताना शिक्षकांनी एमसीबी व आरसीसीबी यांतील फरक वर मांडलेल्या गणितानेच समजावून द्यावा. 'आपल्या घरी तपासणीचे बटन आहे काय?' हा एक प्रश्न मुलांना घरी विचारावयास सांगितला, तर एका संध्याकाळी तो गावातील प्रत्येक उंबरठ्यावर पोहोचेल. पुष्कळ घरांतून त्याचे उत्तर 'नाही' असे येईल. त्या घरांची यादी हाती आली की पावसाळ्यापूर्वीच्या कामाला कोठून सुरुवात करावयाची, हे पंचायतीला वेगळे शोधावे लागणार नाही.